मंगल कार्यालयातला धूर

मी आयुष्यात कधी विडी-सिगरेट ओढलेली नाही. पण पनवेलच्या एका मंगल कार्यालयात वीस वर्षं व्यवस्थापक म्हणून काढल्यामुळे माझं नाक तयार झालं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की कळायचं, वर कोणी सिगरेट ओढतंय, विडी ओढतंय, की खाली आचाऱ्याची फोडणी करपली आहे. या नाकाचा मला फार अभिमान होता, आणि त्याच अभिमानापायी मी एकदा भर लग्नात तोंडघशी पडले. नोकरी सोडून आता तीन वर्षं झाली. इतक्या लग्नांमधलं एकच सांगायचं असेल तर मी तेच सांगेन.

आधी आमचा धंदा काय ते सांगते. लोकांना वाटतं, कार्यालयाची व्यवस्थापक म्हणजे किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारी बाई. किल्ल्या असतातच. पण खरं काम वेगळं. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन घराणी मी एका छपराखाली सहा तास ठेवते आणि संध्याकाळी ती नातेवाईक होऊन बाहेर पडली पाहिजेत. मधल्या काळात टाकीतलं पाणी संपू नये, जनरेटर बंद पडू नये, नवरदेवाचे बूट लपवणाऱ्या पोरींनी चुकून गुरुजींच्या चपला लपवू नयेत. एवढं जमलं तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

आणि मग धूर. आमच्याकडे आसपासच्या गावांतली लग्नं भरपूर. तिथे पूर्वी पाहुणा दारात आला की त्याच्यापुढे ताट धरायचे. ताटात पान, सुपारी, तंबाखू आणि विड्या. विडी ओढो न ओढो, ताट समोर आलं म्हणजे आपला मान राखला गेला असं माणसाला वाटे. मी नोकरीला लागले तेव्हा हॉलमध्येच ओढायचे. मुहूर्ताच्या वेळी मागच्या रांगेतून नवरा-नवरी दिसत नसत. पुढे कायदा आला, आमच्या शेठनी ‘धूम्रपानास मनाई’ असे बोर्ड जागोजागी लावले, आणि मला वाटलं, सुटले. पण बोर्ड लावल्याने माणूस ओढायचं थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतो. मग मला माणसं सापडू लागली ती संडासात, जनरेटरच्या मागे, गच्चीच्या जिन्यात. एकदा तर मुलीचे मामा स्वयंपाकघरामागे गॅसच्या भरलेल्या सिलिंडरवर कोपर टेकवून निवांत सिगरेट ओढत होते. आमचे आचारी वसंतराव हातात झारा घेऊन दारात थिजले होते. मी हळूच जाऊन म्हटलं, “मामा, तुम्हाला स्टेजवर फोटोला बोलावलंय.” मामा सिगरेट विझवून घाईघाईने गेले. वसंतराव त्यानंतर अर्धा तास पोळपाटावर बसून होते.

या मामांमुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मी आवारातल्या जांभळाच्या झाडाखाली कट्टा बांधून घेतला. तिथे वाळूची बादली ठेवली आणि ओढणाऱ्यांना ती जागा हात जोडून दाखवायला सुरुवात केली. दुपारी आमच्याकडे वारा पश्चिमेच्या खाडीवरून येतो. जांभूळ पूर्वेच्या कडेला, म्हणजे धूर आपोआप रस्त्याकडे जायचा. दुसरी गोष्ट शेठनी केली. अग्निशमनाच्या दाखल्यासाठी प्रत्येक खोलीच्या छताला धूर ओळखणारं यंत्र बसवलं. धूर झाला की भोंगा वाजतो, आणि माझ्या ऑफिसच्या दाराशी एक पेटी आहे, तिच्यावर त्या खोलीच्या नंबरचा लाल दिवा लागतो. सिनेमात दाखवतात तसं छतातून पाणी पडत नाही. हे मला प्रत्येक वधूच्या आईला सांगावं लागे, कारण पहिली काळजी मेकअपची असायची.

तर ते लग्न. मुलगी प्रणाली, नेऱ्याकडच्या एका गावातली. मुलगा नवीन पनवेलचा. दोघं बेलापूरला एकाच ऑफिसात कामाला. महिनाभर आधी दोघांचे वडील हॉल बघायला एकत्र आले. मुलीचे वडील बाळारामशेठ, आधी भातशेती आणि आता बांधकामाचा धंदा, अंगाने भरलेले आणि मनाने मोकळे. मुलाचे वडील सामंत सर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, काटकुळे, शर्टाच्या खिशात दम्याचा पंप.

सर हॉलमध्ये शिरले आणि थेट पडद्याजवळ जाऊन त्यांनी वास घेतला.

“इथे कोणीतरी सिगरेट ओढलीय,” ते म्हणाले.

“गेल्या आठवड्यात. मी पडदे धुवायला सांगितलेत,” मी म्हटलं.

“एक नाही. दोन वेगवेगळ्या सिगरेटी आहेत.”

मी पडद्याला नाक लावलं. खरंच दोन होत्या. माझ्या तोडीचं नाक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

बोलणी ऑफिसात झाली. बाळारामशेठ म्हणाले, “ताई, बाकी सगला सरांच्या मनासारखा करा. पन दारात आमच्या म्हाताऱ्या मानसांपुढं ताट नाय धरला तर गावात मना कोन उभा करनार नाय.”

“ताटात काय असतं?” सरांनी विचारलं.

“पान, सुपारी, तंबाखू. आनि विडी.”

सरांनी खिशातला पंप काढून माझ्या टेबलावर ठेवला. “माझ्या मुलाच्या लग्नाला मी शेवटपर्यंत हजर असावं अशी तुमची इच्छा असेल, तर धूर नको.”

बाळारामशेठ त्या पंपाकडे बघत म्हणाले, “तुमी नसाल तर आमी व्याही कोनाला म्हनायचा?”

भांडण असं नव्हतंच. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांना जांभळाखाली नेलं, देव्हाऱ्यातल्या चार अगरबत्त्या आणून कट्ट्यावर लावल्या आणि सरांना जेवणाच्या हॉलच्या खिडकीत उभं केलं. बाळारामशेठ अगरबत्तीला पुठ्ठ्याने वारा घालत होते, म्हणजे धूर भरपूर व्हावा. सर दहा मिनिटं खिडकीत नाक वर करून उभे होते. शेवटी तिथून ओरडले, “नाही येत. मान्य आहे.” ठरलं असं की ताट दारातच धरायचं, मानाने विडी घ्यायची, पण पेटवायची ती जांभळाखाली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा. मुलीकडची बस दहाला आली. सर्वांत शेवटी उतरल्या हिराबाय आजी, प्रणालीच्या वडिलांची आई. वय ऐंशीच्या पुढे, हिरवं लुगडं, कमरेला खोचलेलं विड्यांचं बंडल. प्रणालीची आई ती दोन वर्षांची असतानाच गेली आणि आजीनेच तिला वाढवलं, हे मला बाळारामशेठनी सांगितलं होतं. मी आजींना मान देऊन आत घेतलं आणि जांभूळही दाखवलं.

“बरं,” एवढंच त्या म्हणाल्या. माझा डोळा मात्र दिवसभर त्यांच्या कमरेवर होता.

सव्वाबाराला सगळं जागेवर होतं. नवरदेव पाटावर उभा, गुरुजींनी अंतरपाट झटकून घेतलेला, मंडळींच्या हातात अक्षता. प्रणालीला खाली आणायला तिचे मामा निघणार एवढ्यात भोंगा वाजला. तो इतक्या जोरात वाजतो की माणसाला नाव विचारलं तर सांगता येत नाही. पाचशे माणसं उठली. कोणी पोर उचललं, कोणी आहेराची पिशवी, आणि दोन काकवांनी रुखवतातला बेसनाच्या लाडवांचा डोंगर परातीसकट उचलला. दारात गर्दी झाली आणि हातातल्या अक्षता एकमेकांच्या डोक्यावर पडल्या. बाहेर सावलीत बसलेल्या बँडवाल्यांनी पाहिलं, माणसं बाहेर येतायत, डोक्यावर अक्षता आहेत. त्यांना वाटलं, लग्न लागलं. त्यांनी बँड सुरू केला. मुलाच्या मित्रांना नाचायला निमित्तच हवं होतं, ते नाचू लागले.

मी जिन्याकडे धावले. वाटेत ती लाल दिव्यांची पेटी होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. मुलीच्या खोलीत गेले तर प्रणाली मुंडावळ्या सावरत उभी, भोवती मावश्या, आणि खिडकीशी हिराबाय. हातात विडी.

मी भोंग्याच्या वर आवाज चढवून बोलू लागले. “आजी, तुम्हाला मी स्वतः जागा दाखवली होती. सकाळपासून हात जोडून सांगतेय. खाली पाचशे माणसं उन्हात उभी आहेत आणि तुमच्या...” त्याच क्षणी खाली कोणीतरी बटण दाबून भोंगा बंद केला. पण माझा आवाज चढलेलाच होता. “...एका विडीपायी हे लग्न मोडेल.”

हे शेवटचे शब्द खोलीत, जिन्यात आणि खालच्या ओट्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेले.

हिराबायनी माझ्याकडे पाहिलं. “मी पेटवली नाय,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बाजूने निघून गेल्या.

त्या गेल्यावर माझं नाक जागं झालं. खोलीत मोगऱ्याचा वास होता, पावडरचा होता, कोणाच्या तरी केसातल्या फवाऱ्याचा होता. धुराचा नव्हता. विडीचं टोक मला दिसलं होतं, ते कोरं होतं. हे सगळं मी पाहिलं होतं आणि तरी बोलले होते.

तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला.

आता मी खाली येऊन ती पेटी पाहिली. चार नंबर. चार नंबर म्हणजे वरपक्षाची खोली. दार ढकललं तर आत पांढरं धुकं. खुंटीला लटकवलेला हार दिसत नव्हता. आणि वास ओव्याचा. पलंगावर वाफ घ्यायचं एक छोटं विजेचं मशीन भसाभस वाफ सोडत होतं, शेजारी टॉवेल पडला होता, आणि बरोबर वर छताला आमचं यंत्र. त्याला बिचाऱ्याला धूर आणि वाफ यातला फरक कळत नाही.

मी प्लग काढला. मागे सामंत सर येऊन उभे होते.

“वरातीत पोरांनी फटाके लावले,” ते म्हणाले. “छाती भरून आली. म्हटलं, मुहूर्ताआधी दोन मिनिटं वाफ घ्यावी. भोंगा वाजला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी पेटवली. म्हणून मीच सगळ्यांत आधी पळालो. मशीन तसंच राहिलं.”

बाहेर बँड जोरात चालू होता.

“ताई, हे आपल्यातच राहू द्या,” सर हळू आवाजात म्हणाले. “आज मी वरपिता आहे.”

मी हो म्हटलं. घरच्या मंडळींचं काही बाहेर फोडायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण जिन्यात प्रणालीची मावशी मला शोधत आली. आजी बसमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि उतरत नव्हत्या. आणि प्रणाली म्हणत होती, आजी येत नाही तोवर मी पाटावर उभी राहणार नाही.

बारा चोवीस झाले होते.

बसमध्ये हिराबाय ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकट्या बसल्या होत्या. विडी अजून मुठीत होती. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, “आजी, चूक माझी झाली. मला माफ करा.”

त्या विडी पुढे धरून म्हणाल्या, “सकालपासून हातात धरून बसलेय. देवाला बोलले व्हते, पोरीचा लगीन लागू दे, मंग पयली ओढीन. साठ वर्सात इतका येल मी कदी राहिले नाय. आनि तू बोलतेस, माज्यामुलं लगीन मोडंल.”

मी पायरीवरून उठून त्यांच्या शेजारी बसले.

“तू कुठं बोललीस ता?” त्यांनी विचारलं.

“वर. जिन्यात.”

“किती जनांनी आयकला?”

“बऱ्याच जणांनी.”

“मंग माफी बसमदी कशाला मागतेस?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी हॉलमध्ये गेले, गुरुजींच्या हातातला माइक मागून घेतला आणि लोकांना आत बोलावलं. इतक्या वर्षांत माइकवर मी ‘पांढरी गाडी बाजूला घ्यावी’ यापलीकडे काही बोलले नव्हते. मी म्हटलं, “प्रणालीच्या आजींनी विडी पेटवली नव्हती. मी न बघता त्यांना बोलले. चूक सर्वस्वी माझी आहे. कुठेही आग नाही.”

मागून कोणीतरी विचारलं, “मग वाजला कशानं?”

मी गप्प राहिले. नियम पाळायचा होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की मुलीकडच्या काही जणांना अजून वाटतंय, बाई आजीला पाठीशी घालतायत.

तेव्हा सामंत सर स्टेजवर चढले. फेटा, उपरणं, आणि हातात ते वाफेचं मशीन, वायर मागे लोंबती. त्यांनी माझ्याकडून माइक घेतला.

“मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, उत्तर चुकलं तर आपल्याच पायऱ्या तपासा,” ते म्हणाले. “या हॉलमध्ये धुराचा कण नको म्हणून मी महिनाभर सगळ्यांना छळलं. सगळ्यांनी ऐकलं. आजींनी तर विडी हातात धरून ओढली नाही. भोंगा मी वाजवला.” आणि त्यांनी मशीन उंच धरून दाखवलं. “ओव्याची वाफ.”

आधी बाळारामशेठ हसू लागले. ते उभ्या उभ्या हसले, मग वाकून हसले, मग नवरदेवाच्या पाटाच्या कडेला बसून हसले. त्यांच्यामागून सगळा हॉल हसायला लागला. गुरुजींनी अंतरपाटाआड तोंड लपवलं. नवरदेव वडिलांच्या पाया पडायला वाकला तो हसता हसता तिथेच गुडघ्यावर बसला. बाहेर बँडवाल्यांना कोणीतरी सांगितलं की लग्न अजून लागायचं आहे, तेव्हा ते गाण्याच्या मध्येच थांबले.

हिराबाय दारात येऊन उभ्या होत्या. त्या सरळ स्टेजपाशी आल्या आणि सरांना म्हणाल्या, “मानसांम्होरं एवढा बोललास ना, माजी पोर चांगल्या घरात चाललीय.”

“चार मिनिटं राहिलीत,” गुरुजी म्हणाले. “उरलेलं हसू जेवताना हसा.”

लग्न बारा सदतीसला लागलं. मंगलाष्टकं म्हणताना गुरुजी दोनदा अडखळले, पण कोणाची तक्रार नव्हती.

अक्षता पडल्यावर पाचच मिनिटांत हिराबाय जांभळाखाली गेल्या. मी काडीपेटी घेऊन गेले. त्यांनी पहिला झुरका घेतला आणि डोळे मिटले. त्या ओढत असताना मी तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांत मी ओढणाऱ्यांना जागा दाखवली होती, पण त्यांच्याशेजारी कधी थांबले नव्हते.

“आजी, मी आधी विचारायला हवं होतं,” मी म्हटलं.

“विचारू नको. बग तरी,” त्या म्हणाल्या. “पेटलेली दिसते लांबून.”

ते मला लागलं, आणि बरं झालं लागलं. ज्यांना मी संडासांतून आणि जिन्यांतून हुडकून काढलं, त्यांतल्या किती जणांच्या हातात खरोखर पेटलेली होती, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. वासावरून माणूस ओळखायची मला सवय लागली होती. त्यानंतर भोंगा वाजला की मी आधी पेटीवरचा दिवा बघायचे. आणि वरपक्षाच्या खोलीत पाटी लावली, ‘वाफ गॅलरीत घ्यावी.’ ती पाटी वाचून प्रत्येक लग्नात कोणीतरी मला कारण विचारायचं आणि मी सांगायची नाही.

वर्ष-दीड वर्षाने प्रणालीला मुलगा झाला आणि सामंत सर स्वतः बारशाचं आमंत्रण द्यायला आले. हिराबाय महिनाभर त्यांच्याकडेच राहायला आल्या होत्या. सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही.

“घरात ओढत नाहीत हो त्या,” सर म्हणाले. “मी काही बोललो नाही. बाळ आहे म्हणून आपणहून खाली जातात. तीन जिने उतरायचे, तीन चढायचे. आधी दिवसाला दहा विड्या होत्या, आता चारवर आल्यात. म्हणतात, ह्यो जिना लय वाईट हाय.”

पण खाली ओढायची कुठे? सोसायटीच्या आवारात विडी-सिगरेटला बंदी, आणि ती बंदी सेक्रेटरी म्हणून सरांनीच घातलेली. ऐंशी वर्षांची बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून ओढते हे त्यांना बघवेना. मग त्यांनी सभा बोलावली. फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला, कोणाच्या खिडकीखाली येणार नाही अशा जागी एक खुर्ची ठेवायला परवानगी मागितली. सभासदांना वाटलं, सर थट्टा करतायत. सरांनी वाऱ्याच्या दिशेचा कागदावर काढलेला नकाशा पुढे ठेवला. सभा दोन तास चालली. ठराव पास झाला.

बारशाला मी जरा आधीच पोहोचले. फाटकाबाहेर खुर्चीवर हिराबाय विडी ओढत बसल्या होत्या. सर त्यांच्यापासून दहा पावलांवर, वारा ज्या बाजूने येतो त्या अंगाला उभे होते. सोबतीला आले होते. एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे दोघांनाही ओरडावं लागत होतं, त्यात आजींना कमी ऐकू येतं. मी मध्ये उभी राहिले आणि दोघांना नमस्कार केला.

“सर,” हिराबाय ओरडल्या, “पोराचा नाव काय ठरवलाव?”

“ते आत्याने कानात सांगेपर्यंत गुपित असतं, आजी.”

“मी पनजी हाय त्याची. मना सांग.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं, धूर दिसल्यावर परत मागे घेतलं, आणि तोंडाभोवती हात धरून म्हणाले, “शर्विल.”

“काय?”

“शर्विल.”

“आयकू येत नाय.”

सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. वॉचमनने मान डोलावली. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, “चांगलं नाव आहे.”

अर्ध्या तासाने वर पाळणा सजला, बायकांनी गाणी म्हटली, आत्याने वाकून बाळाच्या कानात अगदी हळूच नाव सांगितलं. तेवढ्या इमारतीत ते फक्त बाळालाच नवीन होतं.